जांभळी मेंढरं

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांना माहीत आहे. साहेब लोक तपासणीला आले की आधी विजयकुमार सरांना हळूच विचारतात, शिवकन्या मॅडम आज कशा आहेत म्हणून. अहो, मी बरीच असते. चित्रकलेच्या तासाला कुणी टाइमपास म्हटलं तेवढंच मला खपत नाही, आणि विजयकुमार सर ते दिवसातून एकदा तरी म्हणतात. ते मुख्याध्यापक, मी शिक्षिका, पहिली ते चौथीची शाळा, त्यामुळे भांडायलाही आम्हाला दुसरं कुणी नाही. पण ज्या सोमवारची गोष्ट मी सांगतेय, त्या दिवशी माझ्याच चित्रकलेच्या तासापायी दोन सख्खे भाऊ काठ्या घेऊन एकमेकांसमोर उभे होते. सरांचा टाइमपास परवडला, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

आमची शाळा कुरुंद्याच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून जरा आत. मी वसमतहून स्कूटीवर येते. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच पुंजाजींच्या घरची मेंढरं कोंडायची जागा, चारी बाजूंनी जाळ्या ताणलेल्या. वास येतो म्हणून सर त्यांच्या वर्गाची खिडकी लावून घेतात. माझी उघडी असते. पोरांना चित्र काढायला समोर जितंजागतं मेंढरू मिळतंय, ते काय मी खिडकी लावून घालवू?

पुंजाजी म्हातारे झालेत, पण अजून ताठ चालतात. खांद्यावर काळी घोंगडी, तोंडात तंबाखू, बोलणं अगदी कमी. त्यांना दोन मुलगे, थोरला संतराम आणि धाकटा मुन्ना. संतरामची सृष्टी आणि मुन्नाचा अंगद ही दोघं माझ्याकडे चौथीत, एकाच बसकरपट्टीवर शेजारी शेजारी बसणारी. एकाची पेन्सिल हरवली की दुसऱ्याची अर्धी मोडून दोघं लिहिणार. त्यावरून मी किती वेळा ओरडले, काही उपयोग झाला नाही.

सृष्टीचा हात फार चांगला आहे. इतकी वर्षं शिकवतेय, पण असं पोरगं माझ्या वर्गात कधी आलं नव्हतं. बाकीची लेकरं मेंढरू काढतात ते बाजूनं, चार पाय, एक तोंड, वर ढगासारखी लोकर. ही काढते ते मागून. सगळा कळप पुढं चाललाय, आपल्याला नुसत्या पाठी दिसतायत, आणि तरी त्यातलं कोणतं दमलंय ते कळतं. मी विचारलं, अशी का काढतेस गं? तर म्हणाली, मी त्यांच्या मागूनच चालते ना बाई.

दिवाळीनंतर संतरामनं ठरवलं की पोरगी चौथीनंतर घरी. दोघा भावांची वाटणी होणार होती, माणसं कमी पडणार होती, तर सृष्टी मेंढरांमागं जाईल. मी त्याच्या दारात जाऊन भांडले. एकदा नाही, जाऊन जाऊन भांडले. त्याची बायको जिवनबाई चहा करायची आणि चुलीआडून मला खुणेनं सांगायची, सोडू नका बाई. शेवटी तो वैतागून म्हणाला की बरं, जाऊ दे तिला पाचवीला कुरुंद्याला. पण एक अट घातली.

"शाळेतून एक जरी तक्रार आली बाई, त्या दिवशी दप्तर बंद. मंग तुमी माझ्या दारात यायचं न्हाई."

संतराम बोलला की बोलला. मेव्हण्याशी वाद झाला तेव्हा म्हणाला होता की तुझ्या लग्नात जेवणार नाही, तर मांडवात सगळ्यांना वाढून, पाणी पिऊन उपाशी घरी आला. असल्या माणसाच्या शब्दावर माझ्या पोरीची पाचवी टांगलेली होती. मी सृष्टीला बाजूला घेऊन सांगितलं, बाई गं, काही म्हणजे काही करू नकोस, शेंबूड पुसायचा असला तरी मला विचारून पूस.

तर त्या सोमवारच्या आधीचा शनिवार. आता शनिवारी दप्तर आणायचं नसतं, आनंददायी शनिवार असतो, म्हणजे माझं राज्य. खिचडी करणाऱ्या जनकाबाईंकडून मी बटाटे मागून घेतले. अर्धा बटाटा कापायचा, चमच्याच्या टोकानं त्यावर नक्षी कोरायची, रंगात बुडवायचा, कागदावर ठसा. एकच ठसा परत परत उमटवला की साडीचा काठ तयार होतो, हे पाहून पोरं हरखून जातात. सृष्टीनं चार पाकळ्यांचं फूल कोरलं. कोरता कोरता एक पाकळी तुटून पडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, राहू दे, बाजारात चार पाकळ्यांची फुलं सगळ्यांकडे मिळतात, हे तुझं एकटीचं.

मग रंग. लाल वेगळा, निळा वेगळा, आणि दोन्ही एका वाटीत ओतले की जांभळा. पोरांनी असा काही गलका केला की शेजारच्या वर्गातून सरांनी भिंतीवर डस्टर आपटलं. अंगद त्या वाटीत काडी घालून ढवळत होता. त्यानं विचारलं की बाई, यातला लाल परत काढता येतो का?

मी म्हटलं, नाही रे बाळा. एकदा मिसळला की ब्रह्मदेव आला तरी वेगळा काढता येत नाही.

सृष्टीनं मान वर केली. "कधीच न्हाई?"

"कधीच नाही," मी म्हटलं, आणि पुढच्या पोराच्या वाटीकडे वळले. तास संपल्यावर तिनं आपला बटाटा धुतला, रुमालात गुंडाळला आणि घरी नेला. मी पाहिलं. खेळेल म्हटलं.

त्याच दुपारी मुन्ना अंगदचा शाळा सोडल्याचा दाखला मागायला आला होता. वाटणी रविवारी होणार, आणि सोमवारी तो त्याची मेंढरं, बायको आणि पोरगा घेऊन डोंगरकडा गावाला सासुरवाडीकडे जाणार. सर म्हणाले, सोमवारी सकाळी घेऊन जा. अंगद दाराला टेकून ऐकत उभा होता. सृष्टी त्याच्या मागं होती.

त्यांच्या घरची वाटणीची रीत अशी आहे. म्हातारा जाळीच्या तोंडाशी बसतो आणि मेंढरं एकेक करून बाहेर सोडतात. एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. म्हातारा स्वतःच्या हातानं पाठीवर रंगाची टिकली लावतो, थोरल्याची लाल, धाकट्याची निळी. मेंढरू तोंडावरून सगळे ओळखतात, पण कोणतं कुणाच्या वाट्याला गेलं हे कोण ध्यानात ठेवणार? टिकली त्यासाठीच. आणि मग सगळी मेंढरं परत एकाच जाळीत जातात, एक रात्र एकत्र काढायला. त्या रात्री दोघा भावांपैकी कुणी जाळीजवळ फिरकायचं नाही. फक्त बाप तिथं झोपणार. वाटणी खरी असली तर ती एक रात्र टिकते, असं ते म्हणतात. सकाळी धाकटा आपली घेऊन निघतो.

सोमवारी मी स्कूटी लावत होते तेव्हाच मागून आरडाओरडा ऐकू आला. विजयकुमार सर व्हरांड्यात उभे होते, तोंड उतरलेलं. म्हणाले, मॅडम, आपण यात पडायचं नाही हं. कशात पडायचं नाही, असं विचारत मी माझ्या वर्गाच्या खिडकीशी गेले.

सगळी मेंढरं जांभळी होती. म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर तळहाताएवढा जांभळा डाग, आणि डागाशेजारी एक फूल. नुकतीच कातरलेली मेंढरं, अंगावर लोकर नावाला, त्यामुळे ठसा बराबर उठला होता. तीन पाकळ्यांचं फूल, एका बाजूनं मोकळं.

लाल टिकलीवर निळा चोळला होता आणि निळ्या टिकलीवर लाल. कुठं जरा तांबूस वाटत होतं, कुठं निळसर, आणि तेवढ्यावरूनच आत जुंपली होती. संतराम म्हणत होता, ही मोरकी मेंढी तांबूस दिसून राहिली, माझी आहे. मुन्ना म्हणत होता, डोळे फुटले का, निळी आहे. कळपाच्या पुढं चालणाऱ्या त्या गाभण मोरकीला दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. मुन्नाची बायको कपाळाला हात लावून भानामती, भानामती म्हणत होती आणि म्हणताना थोरल्या जावेकडे बघत होती. जिवनबाईनं ते ऐकलं होतं. वस्तीवरची माणसं जमून कुंपणासारखी उभी होती, आणि मध्ये कुणी पडत नव्हतं.

प्रार्थनेची घंटा झाली. पोरं रांगेत उभी राहिली. सगळ्यांचे हात जोडलेले, दोघांचेच पाठीमागं. मी सृष्टीसमोर जाऊन उभी राहिले आणि हात दाखव म्हणाले. तिनं दाखवले. कोपरापर्यंत जांभळे. अंगदचे तर गाल पण.

मला काय वाटलं ते सांगते. आधी राग आला, असा की कानशिलं गरम झाली. मग लगेच भीती वाटली. कारण अख्ख्या वस्तीत हे फूल ओळखणारी मी एकटी मोठी माणूस होते. मी तोंड उघडलं, तर ती शाळेतून आलेली तक्रारच झाली आणि सृष्टीचं दप्तर बंद झालं. वर संतरामचा हात लेकरांवर कसा उठतो हे मला माहीत होतं. आणि मी गप्प बसले, तर मागं दोन भाऊ एकमेकांना चोर समजून डोकी फोडणार होते.

मी दोघांना दंडाला धरून वर्गात नेलं. म्हटलं, इथून बाहेर पाऊल टाकलंत तर तंगड्या मोडीन. सृष्टी काहीतरी सांगायला लागली, मी ऐकलं नाही. बाहेरून कडी लावायला गेले तर कडी तुटलेली, ती तुटून वर्ष झालं, सर रोज दुरुस्त करतो म्हणतात. दार नुसतं ओढून घेतलं.

सर माझ्या मागं मागं आले. मॅडम, घरगुती मामला आहे, पोलीस पाटलांना फोन करतो, तुम्ही जाऊ नका. मी म्हटलं, करा की फोन, कुणी नको म्हटलंय? त्यांच्या फोनला आमच्या वस्तीत रेंज कधी येते का? मी गेले.

जाळीपाशी पोचले तेव्हा मुन्नानं मेंढी सोडून दिली होती आणि काठी उचलली होती. संतरामच्या हातात आधीच होती. मुन्ना म्हणत होता की रात्री तू जाळीत शिरलास, रीत मोडलीस, बापाच्या उशाशी येऊन चोरी केलीस. संतराम चिडला की त्याचा आवाज चढत नाही, उलट खाली जातो. तो खालच्या आवाजात म्हणाला की परत बोल. मुन्ना परत बोलला.

पुंजाजी जाळीच्या तोंडाशी, कालच्याच जागी बसले होते. घोंगडी गळ्यापर्यंत ओढलेली, दोन्ही हात आत. सकाळी गारवा होता खरा, पण ऊन चांगलं वर आलं होतं. वस्तीवरच्या भीमसिंगनं त्यांच्यापुढं तंबाखूची डबी केली आणि म्हणाला, दादा, तुमीच सांगा आता, रात्री कोण आलतं? पुंजाजींनी मान हलवली. तंबाखूलाही आणि प्रश्नालाही. ह्या माणसानं समोर आलेली तंबाखू कधी परत पाठवली नव्हती, हे मला तेव्हा खटकलं, पण थांबून विचार करायला वेळ कुणाला होता?

संतरामनं एक पाऊल पुढं टाकलं. जिवनबाई ओरडली. आणि मी जाळी उचलून आत शिरले, साडीचा पदर जाळीत अडकून फाटला, आणि मेंढरांच्या मधून वाट काढत दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. ओरडायची सवय आहे म्हणून आवाज नीट निघाला.

"चोरी कुणी केलेली नाही. ते फूल माझ्या वर्गातलं आहे."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मला खरं तर इतकंच बोलायचं होतं, पण पुढचा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, कुणाचं फूल? तेव्हा मी खोटं बोलले. म्हणाले की शनिवारी मी चौथीच्या वर्गाला घरचा अभ्यास दिला होता, मेंढरांवर ठसे उमटवायचा. सगळ्या वर्गाला. मीच सांगितलं होतं, चूक माझी आहे, लेकरांची नाही.

वस्तीतली माणसं कुजबुजायला लागली. लांब व्हरांड्यात सरांनी डोक्याला हात लावलेला मला दिसला.

"तुमी सांगितलं?" संतराम म्हणाला. "आमच्या मेंढरांवर?"

मी हो म्हटलं.

"काहून?"

रंगकामाचा सराव, असं काहीतरी पुटपुटले. मला स्वतःलाच ते ऐकून लाज वाटली.

संतरामनं काठी खाली टेकवली. तेवढं एक चांगलं झालं, म्हणून मला क्षणभर हायसं वाटलं. मग तो बोलला, त्याच खालच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शाळेतून तक्रार येईल म्हणून मी भ्यायचो. आता माझीच शाळेवर तक्रार आहे. बाईला अक्कल न्हाई, तिथं लेकरू काय शिकणार? आजपासून सृष्टी शाळेत न्हाई. दप्तर बंद."

मी जे वाचवायला आत शिरले होते, तेच माझ्या तोंडानं घालवून बसले होते. मी काहीतरी बोलणार होते, हात जोडणार होते, काय करणार होते मला आता आठवत नाही. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला.

"बाई खोटं बोलून राहिल्यात, आबा."

सृष्टी जाळीबाहेर उभी होती. आबा ती बापालाही म्हणते आणि आजोबालाही, त्यामुळे ती कुणाशी बोलतेय ते आधी कळलं नाही. अंगद तिच्या मागं, रडून गाल ओले, आणि जांभळा ओघळ मानेपर्यंत. सृष्टी रडत नव्हती. आपले दोन्ही हात पुढं धरून ती आत आली. बाईंनी कागदावर सांगितलं होतं, ती म्हणाली. मेंढरांवर मीच केलं. अंगदनं उरलेल्या रंगाच्या बादल्या धरल्या.

"कशाला केलं?" संतरामनं विचारलं.

"मिसळला की वेगळा निघत न्हाई. मंग वाटणी होत न्हाई. मंग अंगद जात न्हाई."

एवढंच म्हणाली. मुन्नाची काठी हातात तशीच होती, पण ती धरलीय हे तो विसरला असावा. आणि संतराम पोरीकडे चालू लागला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, नुसती पाठ दिसत होती, आणि उचललेला हात. मी धावले, पण माझ्या आधी मुन्ना पोचला. त्यानं भावाचं मनगट धरलं, ज्याचं डोकं तो आता फोडणार होता त्याचंच, आणि म्हणाला की लेकराला न्हाई, दादा. मला मार. संतराम हात सोडवायला लागला. दोघं झटत होते, मेंढरं बुजून एका कोपऱ्यात जमली होती, जाळी ताणली जात होती.

"तिला काहून मारतो? मेंढरं मी धरली."

पुंजाजी उठून उभे राहिले होते. घोंगडी खाली पडली होती. त्यांनी हात पुढं केले, आणि ते हात कोपरापर्यंत जांभळे होते. नखं, बोटांच्या घड्या, मनगटावरचा काळा दोरा, सगळं.

मला तेव्हा डोक्यात लख्ख झालं. अहो, मेंढरू धरल्याशिवाय त्याच्या पाठीवर ठसा उठतो का? ती दोन चिमणी पोरं, त्यांना त्यातलं एक तरी धरता आलं असतं? हे मला सुचलं नाही ते एक वेळ ठीक, पण त्या दोघा भावांना, जन्म मेंढरांत गेलेल्या माणसांना, तेही सुचलं नाही. एकमेकांवर इतका डोळा होता दोघांचा.

"बा, तू?" मुन्ना म्हणाला.

म्हातारा दम घेत घेत बोलला. इतकं सलग बोलताना मी त्यांना त्या दिवशीच पाहिलं.

"तुमी दोघांनी ठरवलं, वाटणी करायची. मला कुणी इचारलं व्हतं का? मला जाळीच्या तोंडाला बसवलं, हातात रंग दिला, लाव म्हणले. मी दिवसभर लावत बसलो. एक ह्याचं, एक त्याचं. रातच्याला ही लेकरं आली. म्हणली, आबा, आमी हे करू का? तुमी धरता का मेंढरं?" त्यांनी सृष्टीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिच्या भांगात रंग लागला. "त्यांनी इचारलं तरी. मंग मी धरली. एकेक."

मग ते संतरामकडे वळले. "काढा आता वेगळी. तुमचे हात मोकळे आहेत."

संतरामचा हात अजून मुन्नाच्या मुठीत होता. त्यानं तो सोडवून घेतला, पण हळूच, आणि खाली बघत उभा राहिला. त्याच्यासारख्या माणसाला सगळ्यांपुढं रडणं जमत नाही. त्यानं नाकावरून पालथी मूठ फिरवली आणि उगाच जाळीची खुंटी पायानं दाबायला लागला.

त्या खुंटीनंच काम केलं म्हणा. मेंढरं सकाळपासून उपाशी कोंडलेली, बुजलेली. तो दाबायला गेला आणि ती उपटूनच आली. मोरकी मेंढी आधी निघाली, मग सगळा लोंढा. हळदीच्या शेताकडे वळला असता तर आणखी एक भांडण उभं राहिलं असतं. संतराम ओरडला, मुन्ना, वरल्या अंगानं जा. मुन्ना काठी घेऊन वरल्या अंगानं धावला, संतराम खालून. जांभळ्या पाठी माळाकडे चालल्या होत्या, सगळ्या सारख्या, आणि दोन भाऊ दोन बाजूंनी हाकत होते. वाटणी झाली की नाही, कुणाचं काय ठरलं, हे त्या घाईत कुणी बोललंच नाही. कधीतरी बोलतील. लोकर वाढेल, परत कातरतील, रंग जाईल.

पण मला माझं हवं होतं. मी तशीच फाटक्या पदरानं बांधापर्यंत धावत गेले आणि संतरामला हाक मारली. तो थांबला. मेंढरांकडे बघत, माझ्याकडे न बघता उभा राहिला. मला दम लागला होता, काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

त्यानंच विचारलं. "बाई, शाळेची काही तक्रार आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "शाळेची काही तक्रार नाही."

तो म्हणाला, "मंग हात धुवा तिचे. असे हात घेऊन वर्गात बसवता का?" आणि गेला.

परत आले तेव्हा सर हापशापाशी उभे होते, हातात साबणाची वडी. त्यांनी स्वतः हापसा मारला, ही गोष्ट मी केंद्रात सगळ्यांना सांगितली आहे. मी दोघांचे हात घासत होते. नारळाची शेंडी, साबण, माती, सगळं लावून पाहिलं. फेस जांभळा व्हायचा आणि हात होते तसेच. माझीही बोटं रंगली.

सृष्टी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, बाई, न्हाई ना निघत?

मी तिला म्हटलं, तोंड बंद कर आणि घास. मग माझेच डोळे भरून आले, म्हणून मी तोंडावर पाणी मारून घेतलं.

अंगदचा दाखला सरांनी सकाळीच सही करून टेबलावर ठेवला होता, वर वजन म्हणून डस्टर. तो न्यायला कुणी आलं नाही. शाळा सुटताना सरांनी तो उचलला, मला काही न बोलता कपाटात ठेवला, आणि आम्ही कुलूप लावून निघालो.